माणसं किती

माची पेठेतलं घर म्हणजे आधी सावलीचा हिशोब.
किल्ला दक्षिणेला, आणि पॅनेलचं तोंडही दक्षिणेलाच.
म्हणजे जन्मभर त्यानं अजिंक्यताऱ्याकडं बघत बसायचं,
आणि पौषात ऊन डोंगर ओलांडून गच्चीत उतरेस्तोवर
साडेनऊ वाजायचे.
गिऱ्हाइकाला मी हे आधीच सांगतो:
पहाटे पाचला न्हाणाऱ्याच्या अंगावर
कालचं ऊन पडतं. आजचं नाही.

भणग्यांच्या गच्चीवर होकायंत्र ठेवलं, टेप लावला.
पाण्याची टाकी फूटभर बुटकी, स्टँड वाढवावा लागणार.
शेजारच्या नारळाची सावली अडीचनंतर पूर्वेच्या कोपऱ्यात येते,
तेवढा कोपरा सोडायचा.
पाणी कासचं, मऊ. नळ्यांत क्षार धरायची भीती नाही.
सगळं जमत होतं.

मग नेहमीचा प्रश्न.
माणसं किती?

"सात," निवृत्तीराव म्हणाले.
"चार आणि तीन," धाकटे सुधाकर म्हणाले.

मी वहीत काहीच लिहिलं नाही.
पेनाचं टोपण काढलं, लावलं.
एकवीस वर्षं गच्च्या चढतोय.
घरात काय बिनसलंय ते मला
लिटरमध्ये कळतं.

माणशी पंचवीस धरतो मी.
पंचवीस चोक शंभर, पंचवीस त्रिक पंचाहत्तर.
एकत्र घेतलं तर दोनशेची एक टाकी,
वेगळं घेतलं तर शंभराच्या दोन.
पाणी तेवढंच. पाइप दुप्पट, स्टँड दुप्पट, पैसे जवळजवळ दीडपट.
आकडा सांगितला.
कुणी हुं की चूं केलं नाही.
दोघांनाही तो परवडत होता, तेच वाईट.

हेमलतावहिनी जिन्यातूनच म्हणाल्या,
खालच्या नळाला गरम यायला किती वेळ लागेल ते विचारा.
दोन मिनिटं, मी म्हणालो. पाइपातलं गार आधी येणारच.
"म्हणजे आमच्या वाट्याला गार."
वरच्या अर्चनावहिनी कपडे वाळत घालत होत्या.
त्यांनी एक टॉवेल जरा जोरात झटकला.

पाइपाचं माप घ्यायला मागीलदारी उतरलो
तर तिथं बंब.
तांब्याचा, चिंचेनं घासलेला, लख्ख.
पुढ्यात पाटावर एक बाई करवंट्या फोडत बसलेली.
"तुम्ही कुणाकडं?" मी विचारलं.
"मी बनूआत्या. दोघांचीही."
"न्हाणं कुठं?"
"इथंच की. मला नका धरू तुमच्यात."

वर जाऊन म्हणालो, आठ.
दोघा भावांनी एकमेकांकडं बघितलं,
त्या सकाळी पहिल्यांदाच.
ह्याला वाटलेलं त्यानं धरली असेल.

पंचवीस आठे दोनशे. बरोब्बर.
वेगळं घ्यायचं तर
वरच्यांच्या टाकीत पंचवीस लिटरची जागा आहे,
पण आत्याचे गुडघे जिना चढत नाहीत.
खाली गुडघ्यांची सोय आहे,
लिटर नाहीत.
कोटेशनच्या कागदावर ह्याला रकाना नसतो.
दोन्ही भाव लिहिले, सही केली, चहा घेतला.
चहा दोन घरांतून आला.

बारा दिवस फोन नाही.
तेराव्या दिवशी अनोळखी नंबर.
"भणग्यांची आत्या बोलते.
पंचवीस लिटरचं येतं का हो सोलर?
पोस्टात थोडे आहेत माझे."
नाही हो आत्या, म्हणालो.
शंभरापासून सुरू होतं. कंपनी खाली जातच नाही.
"बरं. मग राहू दे.
ठेवते आता, ऊन आलं.
चिपाडं पसरायचीत."

मी घड्याळात बघितलं.
नऊ पस्तीस.